उजळणीचे शेवटचे सतरा दिवस

२०२५ सालच्या १५ एप्रिलची रात्र. साडेनऊ वाजून गेले असतील. आमच्या शाळेचे एक जुने पालक दाराशी येऊन उभे राहिले. शिवणकामाचे दुकान बंद करून ते थेट आले होते; गळ्यातील टेप काढून ठेवण्याचेही भान त्यांना राहिले नव्हते. म्हणाले, "सर, पोरगा पुण्याहून बॅग घेऊन परत आलाय. परीक्षेला बसायचं नाही म्हणतो. धड जेवत नाही, झोपत नाही. पुस्तक उघडतो आणि नुसता बघत बसतो. तुमचं तो ऐकेल. एकदा याल का?"

हा मुलगा दहावीपर्यंत माझ्या हाताखाली होता. पुढे तो वाणिज्य शाखेकडे गेला, आर्टिकलशिप पुरी केली आणि आता सनदी लेखापालाच्या, म्हणजे ज्याला आपण सी. ए. म्हणतो त्याच्या, अंतिम परीक्षेस बसावयाचा होता. पहिला पेपर २ मे रोजी. मध्ये दिवस उरले सतरा.

त्याच्या खोलीत गेलो तेव्हा भिंतीवर एक वेळापत्रक चिकटवलेले दिसले. दिवसाला सोळा तास अभ्यास. पहाटे चारपासून रात्री बारापर्यंतचे रकाने, आणि प्रत्येक विषयापुढे "वाचन तिसरे", "वाचन चौथे", "वाचन पाचवे" असे लिहिलेले. मी म्हटले, "अरे, हे कुणी शिकवलं तुला?" तो किंचित हसला. "तुम्हीच, सर. दहावीला असताना. रात्रीचा दिवस करा, पुस्तक पाच वेळा वाचून काढा, असं तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं."

लिहिले होते खरे. दरवर्षीच लिहीत असे.

थोड्या वेळाने तो चिडून म्हणाला, "ही परीक्षा काढली तरी कुणी हो, सर? हिशेब तर आमच्या नानांनीही दुकानात चाळीस वर्षं लिहिले. त्यांना कुणी परीक्षा विचारली होती?" मी इतिहासाचा शिक्षक. प्रश्न इतिहासाचाच होता, आणि उत्तर मला येत नव्हते. ते शोधण्यात माझी उन्हाळ्याची सुटी गेली. जे हाती लागले ते आमच्या पालकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

नानांविषयी मुलगा म्हणाला ते खोटे नव्हते. आपल्याकडे हिशेबाची विद्या पेढीवर बसूनच शिकली जाई. नवा पोऱ्या आधी रोजकीर्द उतरून काढी, मग खतावणी शिके, वर्षाअखेरीस तेरीज जुळविण्यास मुनिमाच्या शेजारी बसे. तेरीज जुळली नाही तर मुनीम उठू देत नसे, एवढीच काय ती परीक्षा. पेढी एका घराची, पैसा त्या घराचा, आणि मुनिमाला पारखणारा मालक समोरच बसलेला. तेथे कागदी प्रमाणपत्र कशाला लागावे?

एकोणिसाव्या शतकात हे बदलले. कंपन्या निघाल्या. पैसा हजारो अनोळखी लोकांचा आणि कारभार मूठभर संचालकांच्या हाती, अशी स्थिती झाली. पैसे घालणाऱ्याने वही कधी पाहिलेली नसे. त्याच्या वतीने ती पाहणारा कोणी तिऱ्हाईत हवा, आणि तो जाणकार आहे हे कुणीतरी ठरवून द्यावयास हवे. १८५४ मध्ये एडिंबरोच्या हिशेबनिसांच्या मंडळाला राजाज्ञेची सनद मिळाली. "सनदी" हा शब्द येथून आला. ग्लासगोच्या मंडळाला पुढल्याच वर्षी, १८५५ मध्ये, सनद मिळाली.

त्याच ग्लासगो शहरात २ ऑक्टोबर १८७८ रोजी सिटी ऑफ ग्लासगो बँकेने दारे बंद केली. संचालकांनी वर्षानुवर्षे खोटे ताळेबंद प्रसिद्ध केले होते. बुडीत कर्जे चांगली म्हणून दाखविली होती. त्या बँकेच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती; म्हणजे शेअरचे पैसे तर गेलेच, शिवाय बँकेचे देणे फेडण्यासाठी घरदार विकण्याची पाळी शेकडो कुटुंबांवर आली. त्यांत विधवा होत्या, छोटे दुकानदार होते. १८७९ च्या सुरुवातीस संचालकांना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने, पुढे मर्यादित जबाबदारीने नोंदल्या जाणाऱ्या बँकांचे हिशेब दरवर्षी तपासून घेणे सक्तीचे केले. १८८० मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या संस्थेला सनद मिळाली आणि १८८२ पासून तिच्या परीक्षा सुरू झाल्या. उमेदवाराने सनदी लेखापालाच्या हाताखाली, बहुधा पाच वर्षे, काम शिकावयाचे आणि मग परीक्षेस बसावयाचे. आर्टिकलशिपची रीत ही तेव्हापासूनची. त्या काळी उमेदवाराला पगार मिळण्याऐवजी घरच्यांनाच मालकाकडे मोठी रक्कम भरावी लागे, हे आजच्या मुलांना ऐकून नवल वाटेल.

आपल्याकडची हकीकत फारशी वेगळी नाही. १९१३ साली सप्टेंबरात लाहोरची पीपल्स बँक बुडाली आणि नोव्हेंबरात मुंबईची इंडियन स्पेसी बँक. त्याच साली झालेल्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनीस कोण होऊ शकतो याला सरकारी दाखल्याचे बंधन घातले. मुंबईचे सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयही १९१३ चेच. पुढे १९१८ मध्ये मुंबई सरकारने हिशेबशास्त्राची सरकारी पदविका सुरू केली. तीन वर्षांची उमेदवारी आणि लेखी परीक्षा. लोक तिला जी. डी. ए. म्हणत. त्याआधी ही विद्या रीतसर घ्यावयाची तर विलायतेस जावे लागे, म्हणजे ती श्रीमंतांच्याच मुलांची होती. शिवणकाम करणाऱ्याच्या मुलाला हा दरवाजा उघडला तो परीक्षेनेच, हे मी माझ्या विद्यार्थ्याला पुढे मुद्दाम सांगितले. १९३२ मध्ये अखिल भारतीय नियम आले, आणि स्वतंत्र भारतात १ जुलै १९४९ पासून सनदी लेखापालांचा कायदा लागू होऊन आजची संस्था उभी राहिली. राज्यघटना अमलात येण्याआधीची ही गोष्ट. संस्थेचे पहिले अध्यक्ष जी. पी. कपाडिया.

तात्पर्य, परीक्षा कुणाला छळण्यासाठी निघालेली नाही. ती कठीण का, हेही बुडालेल्या बँकांकडे पाहिले की कळते. पण हे सगळे कळून रात्री झोप लागत नाही, हेही तितकेच खरे. तो इतिहास निराळा आहे.

"ताण" हा शब्द आज प्रत्येकाच्या तोंडी असतो. शरीरशास्त्रात त्याला आजचा अर्थ येऊन शंभर वर्षेही झालेली नाहीत. १९३६ मध्ये हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने "नेचर" या इंग्रजी नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम, विष असे कोणतेही निरनिराळे क्लेश दिले तरी त्यांच्या शरीरात ठराविक तऱ्हेचेच बदल होतात, असे त्याचे म्हणणे. पण माझे कुतूहल खरे चाळवले ते पुढच्या एका प्रयोगाने. कारण त्यात उंदीर नव्हते, हिशेबनीस होते.

सॅन फ्रान्सिस्को येथील फ्रीडमन आणि रोझेनमन या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी १९५७ च्या जानेवारीपासून जूनपर्यंत चाळीस हिशेबनिसांचे रक्त वेळोवेळी तपासले. अमेरिकेत आयकराची विवरणपत्रे भरण्याची शेवटची तारीख १५ एप्रिल. (मुलाचे वडील माझ्या दाराशी आले ती रात्रही नेमकी १५ एप्रिलचीच. हा निव्वळ योगायोग. पण वाचताना मी थबकलो.) तारीख जवळ आली तसे या माणसांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल चढले आणि रक्त लवकर गोठू लागले. तारीख उलटून गेल्यावर मे-जूनमध्ये ते पुन्हा उतरले. खाणे, वजन, हालचाल यांतील फरकाने या बदलाचा उलगडा होत नव्हता. हे संशोधन १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसे चाळीसच, तेव्हा त्यावरून फार मोठे सिद्धान्त बांधू नयेत. तरीही एक गोष्ट त्याने दाखविली. हे लोक नवशिके नव्हते, परीक्षा कधीच पास झालेले, हातखंडा असलेले होते. त्यांच्याही रक्ताला तारीख कळत होती.

मी हे मुलाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी भित्रा आहे म्हणून नाही?" सतरा दिवस हाताशी असलेला आणि स्वतःला भित्रा समजणारा मुलगा अभ्यास करू शकत नाही, निम्मा वेळ तो स्वतःशीच भांडत असतो. हे ओझे आपण वडीलधारीच बहुधा त्याच्या डोक्यावर ठेवतो. "एवढ्याशा परीक्षेला घाबरतोस?" असे आपण धीर देण्यासाठी म्हणतो. ऐकणाऱ्याला त्यातला धीर ऐकू येत नाही.

आता माझ्या फळ्यावरच्या वाक्याकडे येतो.

२००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काहींनी एक उतारा वाचला आणि पुन्हा वाचला. काहींनी तो एकदा वाचला आणि मग उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: शंभरात ८१, तर लिहिणारे ७५. आठवड्याने पुन्हा तपासले. वाचणारे ४२ वर आले होते, लिहिणारे ५६ वर टिकून होते. आणि गंमत अशी की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा होता.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. किती वर्षे, किती मुलांना मी "पाच वेळा वाचा" म्हणून सांगितले! पाचव्या वाचनाला ओळी ओळखीच्या वाटतात, आणि ओळख म्हणजे ज्ञान असा मुलाचा समज होतो. मग शेवटच्या आठवड्यात कोणी एखादा प्रश्न विचारला की उत्तर सुचत नाही, आणि "एवढे वाचूनही काहीच येत नाही" म्हणून तो पार खचतो. आमच्या मुलाचे नेमके हेच झाले होते. त्याला येत नव्हते असे नाही. आठवून लिहिण्याची सवय त्याने कधी केलीच नव्हती, आणि ती करू नये हे त्याला शिकविणारा मीच.

झोपेचेही तसेच. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही निरोगी माणसांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिले. शेवटी त्यांच्या सावधपणाची चाचणी घेतली तेव्हा एक रात्र मुळीच न झोपलेल्या माणसाइतके ते मंदावले होते. स्वतःला मात्र त्यांना फारशी झोप आल्यासारखे वाटत नव्हते. पहाटे चार ते रात्री बारा या वेळापत्रकात झोपेला उरतात चार तास.

मी वेळापत्रक भिंतीवरून काढले. त्याने विरोध केला नाही. दोघांनी मिळून दुसरे लिहिले, ते काही मोठे शास्त्र नव्हते. रात्री साडेदहाला दिवा बंद. सकाळी पुस्तक न उघडता, संस्था दर परीक्षेआधी जे सरावाचे प्रश्न छापते त्यांतला एक घ्यावयाचा, घड्याळ लावून सोडवावयाचा, आणि जेथे अडेल तेवढेच पुस्तकात पाहावयाचे. नवी नोट्सची वही कुणी पाठविली तरी घ्यावयाची नाही. कराच्या विषयांत दर परीक्षेला नव्या दुरुस्त्या येतात. त्यांची एकच यादी करून ती दाराला लावली. शेवटचा, सहावा पेपर तर पुस्तके जवळ ठेवून चार तासांत द्यावयाचा असतो, तेव्हा त्यासाठी पाठांतर सोडून कोणत्या पुस्तकात काय आहे याच्या खुणा तेवढ्या करून ठेवावयाच्या. संध्याकाळी एक तास वडिलांच्या दुकानात बसून काजे-बटणे करावयाची, ही अट त्याच्या अम्मीने घातली. ती मला सगळ्यांत शहाणपणाची वाटली.

वडिलांसाठीही एक नियम ठरला. "कितपत झालं?" हे विचारावयाचे नाही. त्यांना हा नियम सर्वांत जड गेला. दोनदा त्यांनी तो मोडल्याचे मला ठाऊक आहे.

या दिवसांत मी मुलाला आर. शिवभोगम यांची हकीकत सांगितली. मद्रासकडच्या या बाई स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेल्या. हिशेबशास्त्राचा अभ्यास करावयाचा हे त्यांनी तुरुंगातच ठरविले असे सांगतात. १९३३ मध्ये त्या जी. डी. ए. झाल्या, भारतातील पहिल्या महिला लेखापाल त्याच. पण तुरुंगवास भोगलेल्याला लेखापाल म्हणून नोंदता येणार नाही, असा नियम आडवा आला. त्या सरकारविरुद्ध न्यायालयात गेल्या, जिंकल्या, आणि १९३७ मध्ये त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. पुढे १९५५ ते १९५८ संस्थेच्या दक्षिण विभागाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. मुलाने ऐकून घेतले आणि विचारले, "मधली चार वर्षं त्यांनी काय केलं असेल, सर? निकाल हातात आणि काम नाही." मला हा प्रश्न सुचला नव्हता.

परीक्षेस तो गेला. पहिल्या गटाचे तिन्ही पेपर झाले, ८ मे रोजी दुसऱ्या गटाचा पहिलाही झाला. आणि मग देशाच्या सीमेवरील परिस्थितीमुळे संस्थेने ९ ते १४ मे मधील पेपर पुढे ढकलले. उरलेले पेपर १६ मेपासून होणार असे कळले. २०२० मध्ये तर महामारीमुळे मे महिन्याची सबंध परीक्षाच रद्द होऊन नोव्हेंबरच्या परीक्षेत मिसळली गेली होती. त्या मुलांनी तीच उजळणी किती वेळा केली असेल! ज्याने शरीराला नेमक्या तारखेसाठी ताणून धरलेले असते, त्याची तारीख सरकली की तो एकदम ढासळतो. आमचा मुलगा पुण्यात खोलीवर एकटा होता. त्या रात्री त्याने फोन केला. मी काही बोलण्याआधी मागून त्याच्या वडिलांचा आवाज आला. ते दुकान बंद करून, रात्रीची एस. टी. पकडून पुण्याला जाऊन बसले होते. परीक्षा संपेपर्यंत त्याच खोलीत राहिले. विचारले काहीच नाही, असे मुलगा सांगतो.

येथे पालकांसाठी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. चिडचिड, छातीत धडधड, एखादी रात्र डोळ्याला डोळा न लागणे हे उजळणीच्या दिवसांत होतेच. पण मूल सलग काही दिवस झोपत नसेल, जेवण टाकले असेल, किंवा "जगून काय उपयोग" असे एकदा जरी बोलले असेल, तर ते बोलणे परीक्षेचे समजू नका. डॉक्टरकडे न्या. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. "लोक काय म्हणतील" म्हणून आपल्या घरांत हा फोन केला जात नाही.

निकालाचे आकडेही पालकांनी नीट पाहावेत. दोन्ही गट एकदम देणाऱ्यांत नोव्हेंबर २०२३ मध्ये शेकडा ९.४२ उत्तीर्ण झाले, मे २०२४ मध्ये १९.८८, आणि आमचा मुलगा ज्यात बसला त्या मे २०२५ मध्ये १८.७५. म्हणजे त्यातल्या त्यात चांगल्या वर्षीही पाचांतील चौघे राहतात. प्रत्येक विषयात ४० आणि गटात एकूण निम्मे गुण लागतात. एखाद्या विषयात ६० मिळाले तर गट राहिला तरी तो विषय पुढच्या तीन वेळांना द्यावा लागत नाही. जो मुलगा "नापास झाला" म्हणून गल्लीत सांगितले जाते, त्याने यातला किती रस्ता तोडला आहे हे सांगणाऱ्याला बहुधा माहीत नसते. पूर्वी ही परीक्षा वर्षातून दोनदा होई. २०२५ मध्ये संस्थेने अंतिम परीक्षाही जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा घेण्याचे जाहीर केले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. पहिला गट सुटला. दुसरा राहिला, पण त्यातल्या एका विषयात साठाच्या वर गुण पडून सूट मिळाली. मुलगा पेढ्यांचा पुडा घेऊन आला तेव्हा मला क्षणभर कळेना, अभिनंदन करावे की धीर द्यावा. त्यानेच तो प्रश्न सोडविला. "दोन पेपर राहिलेत, सर. उद्यापासून सकाळी लिहायला बसतो."

शाळा सुरू झाली तेव्हा दहावीच्या वर्गात फळ्यावर काय लिहावे याचा मी बराच वेळ विचार केला. खडू हातात होता, मुले वह्या उघडून बसली होती. शेवटी फळा कोराच ठेवला आणि म्हटले, "पुस्तकं मिटा. काल शिकवलेल्यातलं जे आठवतं ते लिहा." वर्गात एकच कुरकुर झाली.